पायाखालची पेटी

धारूर,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

गहिनीदादा,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तिकडे कड्याला तुम्हीही बरे असाल असं धरून चालते. मनिषावहिनींना नमस्कार सांग. सत्यमला आत्याचा पापा. त्याला मी फक्त फोटोत पाहिलंय, तरी पापा द्यायचा हक्क सोडत नाही.

पत्र बघून दचकला असशील. पण फोनवर आपलं काय बोलणं होतं ते तुला माहीत आहे. दिवाळीला मी फोन लावते. तू म्हणतोस, "हां शिवे, बरी हायस ना?" मी म्हणते, "बरी हाय." मग तू म्हणतोस, "ठेवू का?" अकरा वर्षांत आपण भाऊ-बहीण एवढंच बोललोय. म्हणून आज रजा टाकून लिहायला बसले. हरिओम शिकवायला शाळेवर गेलेत, लेक वैष्णवीही गेली. रजा कशासाठी टाकली ते मी घरात सांगितलेलं नाही.

गावाकडची खबर अशी की आबांना कानाने कमी ऐकू येतं, पण ते मान्य करत नाहीत. समोरचीच माणसं हल्ली हळू बोलतात, असं त्यांचं म्हणणं. म्हशी चार झाल्यात. त्यांच्यासाठी घरामागे लिंबाखाली नवा गोठा बांधायला काढलाय. लिंबाखाली काय उभं होतं, ते तुला सांगायला नको. इतकी वर्षं आबांनी त्या जीपला कुणाला हात लावू दिला नाही. कोंबड्या आत अंडी घालायच्या, ती काढायलासुद्धा स्वतःच जायचे. आणि मागच्या महिन्यात अचानक त्यांचा फोन. "उद्या भंगारवाला येतोय. जीप देऊन टाकतो. तुला कळवलं." मी बरं म्हटलं आणि ठेवला.

दहा मिनिटांनी मीच परत लावला.

मी इथल्या आयटीआयमध्ये स्टोअर सांभाळते हे तुझ्या कानावर असेल. आमच्याकडे मोटार मेकॅनिकच्या वर्गाला बंकट सर शिकवतात. पन्नाशीचे आहेत. हाताला कायम ग्रीस आणि तोंडात बडीशेप. वर्षभर माझ्यामागे लागले होते, "मॅडम, कुठूनतरी जुना गिअरबॉक्स मिळवा. फळ्यावर चित्र काढून गिअरबॉक्स कळत न्हाई वो. फळ्यावर विहीर काढून पोहायला शिकवल्यागत हाय ते." म्हणून मी आबांना म्हटलं, "जीप खुशाल द्या, पण तिचा गिअरबॉक्स तेवढा आयटीआयला द्या."

मला वाटलं आबांना ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "न्या."

मी तो कशाला मागितला, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सरांचं नाव पुढे केलं असतं.

दादा, तू हसशील, पण गिअरबॉक्स गाडीत कुठे असतो, हेच मला ठाऊक नव्हतं. सगळी यंत्रं बॉनेटखाली असतात आणि आपण बसतो तिथे नुसता पत्रा असतो, असं मला वाटायचं. आबांनी भंगारवाल्याला थांबायला सांगितलं. सर गावी आले तेव्हा मीही गेले. त्यांनी पुढच्या सीट काढल्या, मग आपण पाय ठेवतो तो मधला पत्रा बोल्ट काढून उचलला. खाली ती होती. इंजिनाच्या मागे, क्लचला चिकटून, बरोबर मधोमध, एक लोखंडी पेटी. वर मातीचा आणि तेलाचा जाड थर. तिच्या मागून एक लांब दांडा थेट मागच्या चाकांकडे गेलेला. गिअरची लिव्हर तिच्याच डोक्यातून वर आलेली.

सर म्हणाले, "हल्लीच्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि पेटी त्याच्या बाजूला, पुढच्या चाकांजवळ. ती पुढची चाकंच गाडी वढतात. हिचं जुनं काम. ताकद पुढून निघणार, माणसांच्या पायाखालून जाणार आणि मागच्या चाकांना मिळणार."

पुढे मधल्या सीटवर बसणारं माणूस कायम मीच होते. उन्हाळ्यात माझे तळपाय भाजायचे आणि मी तुला म्हणायचे, "दादा, तुझ्या गाडीला ताप आलाय." माझे पाय इतकी वर्षं तिच्यावर होते आणि मला ती माहीत नव्हती.

पेटी इथल्या वर्कशॉपमध्ये आणली. सोमवारी सरांनी ती वर्गासमोर खोलली. मला बोलवायचं काही कारण नव्हतं, मी आपली स्टोअरला कुलूप लावून मागे जाऊन उभी राहिले. आधी खालचा बोल्ट काढून तेल सोडलं. काळंभोर, काकवीसारखं संथ. वास आला तशी मी पुढे सरकले. तुझ्या शर्टाला यायचा तोच.

मग वरचं झाकण उचललं.

दादा, बाहेरून ती पेटी अकरा वर्षं उन्हापावसात गंजली होती. कोंबड्यांनी घाण केली होती. आणि आत सगळं लखलखीत होतं. एकेक चाक, एकेक दात, तेलात न्हालेलं, काल घडवल्यासारखं. एकात एक गुंतलेली चाकं, लहान, मोठी, तिरप्या दातांची. वर्गातल्या मुली "अगंबाई" म्हणाल्या. मी टाचा उंचावून बघत होते. आपण ज्याच्यावर पाय ठेवून शेंगा खात जायचो, त्याच्या आत हे चाललेलं होतं.

सरांनी पुढचा शाफ्ट हाताने फिरवला. सगळी चाकं एकदम फिरू लागली, आवाज न करता. पण मागचा शाफ्ट, चाकांकडे जाणारा, जागचा हलला नाही. सर म्हणाले, "हे न्यूट्रल. सगळे गिअर कायम एकमेकांत अडकून फिरतच असतात, पण ह्या शाफ्टवर ते मोकळे हायत. लिव्हर गिअर हलवत न्हाई. ती फक्त ही कडी सरकवते." आणि त्यांनी बोटाने एक बांगडीएवढी दातेरी कडी अर्धा इंच सरकवली. स्लीव्ह म्हणतात तिला. खट्. तो गिअर शाफ्टला जोडला गेला आणि मागचा शाफ्ट फिरू लागला.

अर्धा इंच, दादा. घाट चढायची, पोती ओढायची सगळी गंमत त्या अर्ध्या इंचात.

मग त्यांनी मला पुढे बोलावलं. "मॅडम, मागचा शाफ्ट दोन्ही हातांनी गच्च धरा. फिरू देऊ नका." पहिला गिअर टाकला आणि समोरचा शाफ्ट ते नुसत्या दोन बोटांनी फिरवू लागले. मी दात आवळून धरलं होतं, तरी माझे दोन्ही हात हळूहळू वळत गेले. सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "हे ह्या पेटीचं काम. वेग घेते आणि जोर देते. इंजिन चारदा फिरतं तवा हे एकदा फिरतं, पण चौपट जोरानं. वरच्या गिअरला उलटं, जोर कमी, पळणं जास्त. इंजिन तेच. रस्ता बदलतो तशी ही त्याची ताकद वाटून देते."

एका मुलीने विचारलं, "मग सर, उतारावर गिअर कशाला? उतारावर तर गाडी आपोआपच पळते."

"म्हणूनच," सर म्हणाले. मला म्हणाले, "आता तुम्ही मागनं फिरवा." मी फिरवायला गेले तर जडच्या जड. पुढचा शाफ्ट चौपट वेगाने भिरभिरायला लागला आणि तोच मला मागे धरू लागला. "बघा. उतारावर चाकं इंजिनाला फिरवायला बघतात आणि इंजिन चाकांना धरून ठेवतं. मधी ही पेटी हाय म्हणून. ही सुटली की गाडीला धरणारं कुणी राहत न्हाई, निस्ता ब्रेक. आणि लांब घाटात निस्त्या ब्रेकचा भरवसा न्हाई. तापला की संपला."

मी शाफ्टवरून हात काढून घेतले. आज इथेच थांबते, वैष्णवी यायची वेळ झाली.

सोमवार, १० फेब्रुवारी

दादा,

गुरुवारी मी पत्र थांबवलं ते वैष्णवीमुळे नाही. ती त्यानंतर तासाभराने आली.

त्या दिवशी वर्गात पुढे काय झालं ते लिहायचं होतं आणि हात पुढे जाईना. आता लिहिते.

सरांनी एकेक भाग काढून केरोसीनमध्ये धुवायला घेतला. पहिला-दुसरा गिअर जोडणारी ती कडी हातात घेऊन खिडकीकडे गेले. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. मग झाकणातल्या एका भोकातून त्यांनी एक छर्रा आणि स्प्रिंगचे दोन तुकडे टेबलावर काढून ठेवले. छर्रा आणि स्प्रिंग मिळून कडी सरकवणारी दांडी जागेवर दाबून धरतात, म्हणजे गिअर आपोआप सुटत नाही. स्प्रिंग मधोमध तुटलेली होती. तुटलेली टोकं घासून घासून गुळगुळीत झाली होती.

"ही आत्ता तुटलेली न्हाई," सर म्हणाले. "गाडी चालू असतानाच तुटली आणि तशीच लई दिवस चालली. आणि हे दात बघा. एका बाजूनं धारदार हायत, दुसऱ्या बाजूनं पार गोल झालेत. चढावर एक बाजू दाब घेते, उतारावर दुसरी. म्हणजे हा दुसरा गिअर चढावर नीट राहणार आणि उतारावर निसटणार. आपोआप. कुणी हात न लावता." कडी त्यांनी मुलांकडे दिली. "ही गाडी ज्याच्याकडं होती त्या ड्रायव्हरनं सांगितलं असंल, की बाबांनो, गिअर निसटला. कुणी इस्वास ठेवला नसंल त्याच्यावर."

त्यांना काही माहीत नव्हतं, दादा. जीप माझ्या माहेरची आहे, एवढंच माहीत होतं. मी स्टोअरमध्ये गेले, दार आतून लावलं आणि टायरच्या ढिगावर बसून राहिले.

तू तेच सांगितलं होतंस. डोक्याला बांधलेल्या पट्टीतून रक्त येत होतं आणि तू एकच वाक्य म्हणत होतास, "मी दुसऱ्या गिअरला होतो. गिअर निसटला." आणि लिव्हर मध्ये, न्यूट्रलला सापडली. घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर सगळ्यांनी पाहिलेले. मायच्या तेराव्याला आबा चारशे माणसांत तुला म्हणाले, "दोन घोट डिझेलसाठी आईला मारलंस." तू तेव्हा काहीच बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी तू गाव सोडलंस.

मी पण काही बोलले नाही. मी त्या गाडीत होते, मधल्या सीटवर, लिव्हरच्या शेजारी. मला सगळ्यांनी विचारलं. आबांनी विचारलं, चुलत्यांनी विचारलं. मी प्रत्येकाला सांगितलं, "मी बाहेर बघत होते, मला न्हाई दिसलं."

मला दिसलं होतं.

अंबाजोगाईहून येत होतो आपण. मायला नवा चष्मा मिळाला होता. घाट लागल्यावर ती लहान पोरीसारखी झाली होती. "अगं शिवे, झाडाची पानं येगळी येगळी दिसायलीत गं," म्हणत होती. इतकी वर्षं तिला झाडं म्हणजे हिरवे ढीग दिसायचे. एका वळणावर तिने माझा हात ओढला, "ते बघ, त्या खडकावर मोर." मी तिच्याकडे वळले. वळताना पाय सरळ केला. माझा उजवा गुडघा लिव्हरला लागला आणि त्याच क्षणाला खट् झालं. लिव्हर मध्ये आली. तुझा हात स्टिअरिंगवर होता. तू लिव्हरला हात घातलास तो नंतर. तू ती परत मागे ओढत होतास, आतून दात खरडल्यासारखा आवाज येत होता, जात नव्हती. मागे पेंडीची पोती. ब्रेकचा जळका वास. मग तू दरी सोडून डोंगराच्या अंगाला गाडी घातलीस. मी वाचले. मायची बाजू डोंगराकडे होती.

अकरा वर्षं मला वाटत होतं की माझ्या गुडघ्याने गिअर पडला. मी मारलं तिला. आणि ते मी तुझ्या नावावर राहू दिलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, माझं लग्न ठरत होतं, हे सगळं खरं. पण नंतर मी वीस झाले, पंचवीस झाले, तीस झाले. तुला दिवाळीला फोन करून "बरी हाय" म्हणत राहिले.

हे लिहायचं होतं. लिहिलं.

पण अजून पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मी बंकट सरांना सगळं सांगितलं. नवऱ्याला न सांगितलेलं त्यांना सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "चला."

वर्कशॉपमागे उतार आहे. तिथे आमची शिकवायची जुनी जीप उभी होती. तिची पेटी धड आहे. सरांनी ती उतारावर दुसऱ्या गिअरला टाकली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक सोडला. चाकाला दगडही लावला नाही. गाडी किंचित पुढे झुकली आणि थांबली. नुसत्या त्या दातांवर, दादा. एवढं धूड, आत आम्ही दोघं, आणि त्याला बांगडीएवढ्या कडीने धरून ठेवलेलं.

"मधी बसा. मारा गुडघा."

मी मारला. हललीसुद्धा नाही. परत मारला. जोर लावून, दोन्ही हातांनी सीट धरून मारला. गुडघा काळानिळा झाला, अजून हिरवट दिसतो. लिव्हर जागेवर.

मी रडायला लागले. मग मीच म्हटलं, "सर, पण आमच्या गाडीची स्प्रिंग तुटलेली होती."

सर खोटं बोलले नाहीत, हे मला त्यांचं आवडलं. म्हणाले, "व्हय. त्या पेटीला गुडघ्याचा धक्का पुरला असता. पण त्या पेटीला धक्क्याची गरजबी नव्हती. तुमी पाय लावला असंल, त्याच वक्ताला ती आपली आपण सुटली असंल. दोन्ही होऊ शकतं. आता ते कुणालाच कळणार न्हाई, मॅडम. एवढं मातर नक्की, की ड्रायव्हरनं न्यूट्रल केली न्हाई."

तेवढं मला पुरे आहे. माझं मी बघेन. तुझ्याबद्दल आता शंका नाही, आणि ते सांगायला मला अकरा वर्षं लागली.

काल रविवारी ती कडी आणि स्प्रिंगचे तुकडे फडक्यात बांधून गावी गेले. आबा गोठ्याच्या पायाशी उभे राहून गवंड्याला ओरडत होते. मी त्यांना लिंबाखाली बसवलं. कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. गुडघ्याचं आधी सांगितलं, पेटीचं नंतर. मला वाटलं होतं, मारतील. निदान शिवी देतील.

त्यांनी ती कडी घेतली आणि दातांवरून अंगठा फिरवत राहिले. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. मग म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं."

"कुणी?"

"गहिनीनं. पंधरा दिस आधी. म्हणला, आबा, दुसरा गिअर उतारावर निसटायलाय, पेटी खोलावी लागंल, चार दिस गाडी हुभी राहील. मी म्हणलो, निवडणूक होऊ दे. दारात गाडी न्हाई तर लोक काय म्हणतील? एवढं झालं की खोल."

आठवतं ना दादा, ग्रामपंचायतीला उभे होते ते, सरपंच व्हायचं होतं. गाडी आदळली तेव्हा मतदानाला नऊ दिवस राहिले होते.

"तुमाला ठावं होतं?" मी म्हटलं. "आबा, तुमाला ठावं होतं आणि तुमी चारशे माणसांत त्याला..."

"तो बोलला कावून न्हाई?" आबा एकदम ओरडले. गवंडी वळून बघायला लागला. "मी वाट बघत होतो, पोरी. मी बोलत होतो आणि वाट बघत होतो, की आता हा म्हणंल, आबा, मी तुमाला सांगितलं होतं. एवढं एक वाक्य. त्यानं म्हणलं असतं तर माझं तोंड बंद झालं असतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि काहीच म्हणला न्हाई. मग मला थांबताच येईना."

आणि आबा रडले. माय गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

दादा, मी गेला आठवडाभर त्या पेटीचं नवल करत होते. काल त्या लिंबाखाली मला तुझं नवल वाटलं, आणि अजून उतरत नाही. तुझ्याजवळ ते वाक्य होतं. चोवीस वर्षांचा होतास, डोक्याला टाके होते, आई गेलेली. सगळा गाव बघत होता. ते वाक्य म्हटलं असतंस तर तू सुटला असतास आणि आबा त्या दिवशीच उभे मेले असते. तू ते गिळलंस. वहिनींना तरी सांगितलंस का? मला वाटतं, नसशील.

बुधवार, १२ फेब्रुवारी

थोडंच लिहायचं राहिलंय.

काल सकाळी आबा हनुमानाच्या देवळापुढे गेले. तिथे रोजची माणसं बसलेली होती. मी रविवारपासून गावीच राहिले होते, पाठोपाठ गेले. त्यांनी फडकं सोडून ती कडी ओट्यावर ठेवली आणि उभ्यानेच बोलले, "माझ्या पोरानं गाडी न्यूट्रल केली नव्हती. गिअर निसटत होता. त्यानं मला आधी सांगितलं होतं, मी गाडी हुभी करू दिली न्हाई. त्याची आई माझ्यापायी गेली. मी तवा खोटं बोललो."

एकजण म्हणाला, "जाऊ द्या भगवानराव, झालं ते झालं." आबा म्हणाले, "जाऊ कसं देऊ? तुमी ऐकलं का न्हाई, तेवढं सांगा." मग दोघं-तिघं "ऐकलं, ऐकलं" म्हणाले. कुणीतरी चहा सांगितला. कडी हातोहात फिरली. जो तो दातांवरून अंगठा फिरवून बघत होता आणि पुढच्याला देत होता. मग उसाच्या भावाचं बोलणं निघालं. आबा मात्र बसले नाहीत. चहाही घेतला नाही.

घरी आल्यावर मी त्यांना हे पत्र वाचून दाखवलं. पहिल्यापासून, गुडघ्यासकट, त्यांच्या रडण्यासकट. म्हटलं, काही खोडायचंय का? ते म्हणाले, "काही खोडू नको." मग विचारलं, "पोस्टात किती दिस लागतील?" मी म्हटलं, लागतील चार-पाच.

"न्हाई," म्हणाले. "मी नेतो."

मी लई समजावलं. दोन एसट्या बदलाव्या लागतात, तुम्हाला कंडक्टरचं ऐकू येत नाही, मी येते बरोबर. तर म्हणाले, "तू आलीस की तूच बोलशील. मला एकट्यालाच जायचंय." उद्या सकाळच्या गाडीने निघतायत. मी तुझा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या खिशात ठेवलाय. घालायला मायच्या वर्षश्राद्धाला शिवलेला सदरा काढलाय, आणि सत्यमला काय आवडतं म्हणून मला तीनदा विचारलंय. मला सांगता आलं नाही. आत्या असून.

म्हणजे दादा, हे पत्र तुझ्या हातात पोस्टमनने दिलेलं नाही. ज्यांनी दिलं, ते आत्ता तुझ्या दारात उभे आहेत. त्यांनी मला बजावलंय, "त्यानं सगळं वाचल्याबिगर मी उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार न्हाई. वाचून तो म्हणला, 'जावा', तर मी परत येईन." आणि ते खरंच परत येतील. ओळखतोस ना तू त्यांना.

तू काय करावंस, हे सांगायचा अधिकार मला नाही. मी अकरा वर्षं गप्प बसलेली बहीण आहे. फक्त एवढं सांगते की ते दिवसभर एसटीत कधी उभे, कधी बसून आलेत, पाणीसुद्धा मागणार नाहीत, आणि तू हळू बोललास तर त्यांना ऐकू येणार नाही. जे काय म्हणायचं असेल ते मोठ्याने म्हण.

तुझी गुन्हेगार,
आणि अजून तुझीच,
शिवकन्या